सईच्या ॲडमिशनबद्दल

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सईचा मेसेज आला, 'आत्या, मी तुझ्याच कॉलेजात येते, फी तर नावालाच आहे!' पोरीचा उत्साह फोनवर मोडवत नाही, म्हणून तुला लिहिते. आधी तू आणि वहिनी वाचा, मग तिच्या हातात द्या.

ओलोनी हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. तिथे मी लिबरल आर्ट्स करते ती इथली रहिवासी म्हणून. मला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला ६० युनिट्स, म्हणजे सगळी मिळून २७६० डॉलर. पुस्तकं आणि पार्किंग वेगळं. सई एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आली, तर माझ्या शेजारच्याच बाकावर बसायला तिला युनिटमागे साडेतीनशेच्या आसपास मोजावे लागतील. नुसती फीच वीस हजारांच्या वर. त्यावर विमा, आणि इथल्या बे एरियातलं खोलीभाडं तर विचारूच नकोस. काम करायची मुभा कॅम्पसवरच, तीही आठवड्याला २० तास. त्यात दूध-भाजी निघेल, भाडं नाही.

शिकवतात मात्र छान. वर्गात नुकतीच शाळा संपवलेली पोरं असतात, तशीच रात्रपाळी करून आलेली माणसंही. इतिहास, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असं सगळं थोडंथोडं घ्यावं लागतं. मी भूगर्भशास्त्र घेतलं. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग, आमच्या गावातूनच जातो. सरांनी रस्त्याकडेची सरकलेली कड दाखवायला नेलं होतं. या वयात अभ्यासाला बसून मला इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

पण दोन वर्षांची ही डिग्री एकटी फार लांब नेत नाही. तिचा खरा उपयोग चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला शिरण्यासाठी. मी पुढे हेवर्डच्या स्टेट युनिव्हर्सिटीत जाणार. घरापासून जवळ आणि झेपेल अशा फीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ठरलेले मार्क मिळवले तर प्रवेशाची हमी देतात, पण बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. शिवाय तिथे बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजारांहून जास्त फी. देशभरात कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा पुढे ट्रान्स्फर होतो, आणि सहा वर्षांत चार वर्षांची पदवी हातात पडते ती शंभरातल्या सोळा जणांच्या. बरेचजण नोकरी-संसार सांभाळून शिकतात, हे खरं. सई अर्धवट सोडणारी नाही, हेही खरं. तरी एजंट हा आकडा सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

नोकरीचं म्हणशील तर डिग्रीनंतर व्हिसावर काम करायला एक वर्ष मिळतं. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना वरची दोन वर्षं मिळतात, ती लिबरल आर्ट्सवाल्यांना नाहीत. एका वर्षात कर्ज कसं फिटणार?

माझं स्पष्ट मत विचारशील तर तिने बी.ए. पुण्यातच करावं, अर्थशास्त्र घेऊन. मास्टर्सला इकडे यावं. तेव्हा स्कॉलरशिपसाठी मीही तिच्याबरोबर खटपट करीन. आर्ट्सला जाऊन काय करणार, असं तिला कोणी म्हणालं तर मात्र माझ्याशी गाठ आहे, वहिनींच्या भावालाही सांग!

घर तारण ठेवायच्या कागदांवर तूर्त सही करू नकोस. रविवारी तुमच्या सकाळी फोन करते, सईला शेजारी बसव.

तुझी,
माई