कोंबड्यांच्या पाण्यात काय?

‘ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात’ ही अफवा सोलापुरात चिकनच्या दुकानापुढे हमखास ऐकू येते. सहा आठवड्यांत पक्षी दोन किलो भरतो तो निवडक जातीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना एकेक सुई टोचणे परवडेल कुणाला? खरा प्रश्न पाण्याच्या टाकीचा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यात इलेक्ट्रोलाइट, क जीवनसत्त्व घालणे योग्यच. पण काही शेडवर वाढीसाठी प्रतिजैविकांची पुडीही त्याच टाकीत सुटते. यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुपक्ष्यांसाठीच्या वापरावर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली. बाकीच्या औषधांचे काय? डोस संपल्यावर औषधाचा अंश मांसात राहू नये म्हणून विक्रीआधी काही दिवस थांबायचे असते, पण व्यापाऱ्याची गाडी दारात आल्यावर थांबतो कोण? पशुसंवर्धन विभागाने शेडवर येऊन औषधांच्या नोंदी तपासाव्यात.

– एक कुक्कुटपालक, मोहोळ (जि. सोलापूर)