गोठ्याच्या पाण्यातले खत नाल्यात जाऊ देऊ नका

महोदय,

खरीप तोंडावर आला की डीएपी खतासाठी रांगा लागतात. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) आपण बहुतांशी परदेशातून आणतो. तो ज्यातून काढतात त्या फॉस्फेट खडकाचा जगातला सर्वात मोठा साठा मोरोक्कोत आहे. आणि इकडे मुंबईतल्या दहिसर नदीकाठच्या तबेल्यांतून शेण-मूत्राचे पाणी वर्षानुवर्षे सरळ पात्रात गेले. त्या पाण्यातही स्फुरद असतोच. नदीत गेला की तोच जलपर्णी पोसतो.

हा स्फुरद परत मिळवता येतो. बायोगॅस संयंत्रातून निघालेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार घालून सामू (पीएच) ८.५ ते ९ च्या आसपास ठेवला, की मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकत्र येऊन पांढरे खडे तळाशी बसतात. याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. वजनाच्या सुमारे १२.६ टक्के स्फुरद, शिवाय थोडे नत्र. ते पाण्यात हळूहळू विरघळत असल्याने पावसात पटकन वाहून जात नाही.

अडचण आहे. गाई-म्हशींच्या शेणात बराच स्फुरद कॅल्शियमशी बांधलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. मॅग्नेशियमचा खर्चही मोठा. पण आमच्या वसईच्या मिठागरांत मीठ काढल्यावर उरणारे कडू पाणी मॅग्नेशियमने भरलेले असते! तबेले आणि मिठागरे इतकी जवळ असताना कृषी विद्यापीठाने इथे एक प्रायोगिक संयंत्र उभारून पाहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई