लॉसन सर, तुमच्या तालमीबद्दल आभार

आदरणीय रेव्हरंड जेम्स लॉसन,

सप्रेम जय भीम.

9 जून 2024 रोजी लॉस एंजेलिसमध्ये, वयाच्या 95व्या वर्षी तुम्ही गेलात. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहितेय, कारण अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या हक्कांच्या लढ्याला अहिंसेची तालीम देणारे तुम्ही काही काळ आमच्याच गावचे होतात, हे नागपुरात फार थोड्यांना माहीत आहे.

कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुम्ही अमेरिकेत तुरुंग भोगलात आणि 1953 मध्ये इथे हिस्लॉप कॉलेजात आलात. मुलांना शिकवलंत, त्यांच्याकडून खेळांचा सराव करून घेतलात. डिसेंबर 1955 मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी वाचून आनंदानं ओरडलात, ही आठवण तुम्ही पुढे अनेकदा सांगितलीत. पुढच्या वर्षी तुम्ही मायदेशी परतलात. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली.

तुम्ही गांधींच्या अभ्यासासाठी आला होतात. आमच्या वस्तीत गांधींविषयीची मतं वेगळी आहेत आणि माझीही आहेत. पण 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना आवरून धरलं होतं, हे ऐकतच आम्ही वाढलो. एवढा संयम माणसात येतो कुठून, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ते तुमच्या आठवणींतून कळलं, आणि आभार त्याचेच मानायचे आहेत.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात चर्चच्या तळघरात तुम्ही विद्यार्थ्यांची तालीम घ्यायचात. काही जण गिऱ्हाईक होऊन खुर्चीवर बसायचे आणि बाकीचे गुंड व्हायचे. शिव्या देणं, केस ओढणं, खुर्चीवरून ढकलून देणं, सगळं तिथंच व्हायचं. डोकं कसं वाचवायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, हे अंगवळणी पडेपर्यंत चालायचं. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेत याच तालमीत तयार झाले. फेब्रुवारी 1960 मध्ये ही मुलं दुकानांतल्या ‘फक्त गोऱ्यां’च्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली. मार खाल्ला, अटक झाली, पण हात कुणी उचलला नाही. याच आंदोलनापायी मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठानं तुम्हाला काढून टाकलं. 10 मेपासून त्या काउंटरवर काळ्या माणसांना जेवण मिळू लागलं.

तुमची रुमालाची आठवण तर आमच्या बायांना पाठ आहे. एक गोरा तरुण तुमच्या तोंडावर थुंकला. तुम्ही त्यालाच विचारलंत, रुमाल आहे का? गोंधळून त्यानं दिला. तोंड पुसून तुम्ही रुमाल परत केलात आणि त्याच्या मोटारसायकलची चौकशी करू लागलात.

मी ठेक्यावरच्या सफाई कामगार बायांबरोबर काम करते. पूर्वी साहेबाच्या दालनात गेलो की पाच मिनिटांत आवाज चढायचे आणि साहेबाला तेच हवं असायचं. तुमच्याबद्दल वाचल्यावर आम्ही समाजमंदिरात सराव सुरू केला. एक जण साहेब बनते, मोबाइलवरून नजर न काढता म्हणते, “एकीनं थांबा, बाकीच्या बाहेर.” पहिल्या वेळी एकीनं खुर्चीच ओढली होती! आता तीच शांतपणे सांगते, “साहेब, बोलणार एकच, पण उभ्या सगळ्याच राहू.” हातमोजे आणि पीएफच्या पावत्यांबद्दल लेखी उत्तर आम्हाला असंच मिळालं. ते हाती येईपर्यंत एकही बाई दालनाबाहेर गेली नाही.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं ऋण वेगळं आहे. 1 फेब्रुवारी 1968 रोजी पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतच चिरडून मेले आणि सुमारे 1300 कामगार संपावर गेले. संपाच्या डावपेच समितीचे तुम्ही अध्यक्ष होतात. ‘मी माणूस आहे’ असे फलक गळ्यात घालून ते रस्त्यावर उतरले. तुम्ही बोलावलंत म्हणून मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले आणि 4 एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. तरी संप मोडला नाही. 16 एप्रिलला तडजोड झाली, संघटनेला मान्यता आणि पगारवाढ मिळाली. घंटागाडीवर काम करणाऱ्या आमच्या बायांना ही हकिगत परक्या देशातली वाटत नाही. त्या दोन माणसांना कसला आडोसा शोधावा लागला, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

उतारवयातही तुम्ही या आठवणी पुन्हा पुन्हा सांगत राहिलात, हॉटेल कामगारांना आणि झाडलोट करणाऱ्यांनाही. कुठली युक्ती कशी वापरली, ती कुणाला शिकवली, कोण घाबरलं, कोण टिकलं, असं बारीकसारीक सांगितलंत, म्हणून आम्हाला ते उचलता आलं. त्याबद्दल मनापासून आभार, सर.

तुमची ऋणी,
नागपुरातली एक कार्यकर्ती