बाई, गडगा वरून उतरवायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या पडवीत मैत्रीभावनेची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या बौद्ध ध्यानाची, बैठक अजून भरते. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तरी एकही मंगळवार चुकलेला नाही. पत्र सर्वांना वाचता येईल असं उघडच लिहितोय. नुसतं ‘आभारी आहोत’ म्हणून तुमचं ऋण फिटणार नाही. नेमकं काय दिलंत ते सांगितलं, तर बाणकोट खाडीच्या पलीकडच्या गावांनाही त्याचा उपयोग होईल.

पहिले आभार गडग्याचे, म्हणजे बांधावर दगड रचून घातलेल्या कुंपणाचे. माणसं सगळी एकच आहेत हे कीर्तनातून, भाषणातून ऐकलेलं असतं आणि ऐकून मान डोलावलेलीही असते. बांधावरचा शेजारी दिसला की मान ताठ होते ती होतेच. तुम्ही म्हणालात, मनात प्रेम भरायला बसू नका, गडगा उतरवायला बसा. गडगा कसा उतरवतात हे इथल्या पोरासोरांना माहीत आहे. वरचा दगड आधी, मग त्याच्या खालचा. घाईने तळाचा चिरा ओढला की सगळा गडगा पायावर येतो. हा सगळा अभ्यास त्या एका गोष्टीत आहे.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ लिहिला, त्यात मैत्रीचा क्रम दिला आहे, आणि आपला क्रम त्याच वळणाचा आहे. बैठक पंचवीस मिनिटांची. पहिली तीन मिनिटं फक्त श्वास आणि जमिनीला टेकलेलं अंग. मग पाच मिनिटं स्वतःसाठी, चार मिनिटं ज्याच्याबद्दल आदर आहे अशा उपकारकर्त्यासाठी, सहा मिनिटं ओळखीच्या पण आपल्याला ना आवडत्या ना नावडत्या माणसासाठी, चार मिनिटं ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी, आणि उरलेली तीन मिनिटं सगळ्यांना एकत्र घेऊन. वाक्यं चारच: सुखी असो, निरोगी असो, निर्भय असो, निश्चिंत असो. एका उच्छ्वासाला एक वाक्य. घाईने म्हटलं की त्याचा पाढा होतो आणि मन तिसऱ्या मिनिटाला बाजारात पोचतं. तसं झालं तर चारातलं एकच वाक्य ठेवायचं आणि दोन श्वास मोकळे सोडायचे.

सुरुवात स्वतःपासून का, हे नवीन माणूस हमखास विचारतो. त्याला स्वार्थाचा वास येतो. तुमचं उत्तर आम्ही तसंच पुढे देतो: मला सुख हवं आहे, दुःख नको आहे, हे एकदा आपल्यापाशी स्वच्छ दिसलं की समोरच्याला नेमकं तेच हवं असतं हे कळायला पुरावा लागत नाही. स्वतःसाठी ही वाक्यं म्हणताना ज्यांचा घसा दाटतो, त्यांनी उपकारकर्त्यापासून सुरू करून मग स्वतःकडे यावं.

आणखी एक नियम तुम्ही कडक पाळायला लावलात. सुरुवातीला जिवलग माणूस घ्यायचा नाही, नवरा-बायकोने एकमेकांना घ्यायचं नाही, आणि गेलेलं माणूस तर कधीच घ्यायचं नाही. जिवलगाशी ओढ असते आणि तीच ओढ मैत्रीचा वेश घेऊन येते. तो ग्रंथ हिलाच मैत्रीचा जवळचा शत्रू म्हणतो. दूरचा शत्रू द्वेष, तो लांबून ओळखू येतो. जवळचा घरातलाच वाटतो. ओळखायची खूण तुम्ही दिलीत: त्या माणसाने आपल्याला विचारलं नाही तर मन आंबतं का? आंबत असेल तर ती ओढ. तसंच ‘बिचारा’ म्हटलं की करुणा संपून कीव सुरू झाली असं समजायचं, आणि ‘मला काय त्याचं’ म्हणणारी उपेक्षा ही समत्व नव्हे, ती नुसती बेपर्वाई. गेलेल्या माणसाचं म्हणाल तर तिथे शोक उसळतो आणि मैत्री पुढे सरकत नाही. शोकाला त्याचा वेगळा वेळ द्यावा.

सगळ्यात मोठे आभार मात्र त्या सहा मिनिटांचे.

सगळ्यांना वाटतं अवघड पायरी शत्रूची. तुम्ही घड्याळ लावून सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या, ना आवडत्या ना नावडत्या माणसाला दिलात, कारण आपण ज्याला पाहतच नाही असा तो एकटाच. शत्रूकडे निदान लक्ष तरी असतं. आमच्याकडे हा तिसरा माणूस म्हणजे कलमांच्या बागेतला नेपाळी राखणदार. वर्षानुवर्षं बाग राखतो, मोसमात आंबे उतरवतो, पेंढा घालून पेट्या भरतो, आणि वाडीत त्याचं नाव ‘गुरखा’ एवढंच. तुम्ही सांगितलंत, चेहरा आठवत नसेल तर हात आठवा. आंबे उतरवायच्या झेल्याची काठी धरून धरून अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा, देठाचा चीक उडून काळवंडलेली बोटं, नखाच्या कडेला सोललेली कातडी. त्या हातांवर थांबून ‘निश्चिंत असो’ म्हणायचं. आणि पुढच्या चोवीस तासांत त्याचं नाव विचारायचं, गाव विचारायचं, घरी कोण कोण आहे ते विचारायचं. ही शेवटची अट नसती तर सगळी मैत्री पडवीतच राहिली असती.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 2008 साली याच तिसऱ्या माणसावर एक प्रयोग झाला. काही मिनिटांची मैत्रीभावना केल्यावर अनोळखी माणसांच्या फोटोंकडे पाहताना लोकांना जास्त आपलेपणा वाटला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सात आठवड्यांच्या वर्गात आनंदाच्या भावना एकदम न वाढता आठवड्यागणिक वाढत गेल्या. म्हणून नव्या माणसाला आम्ही दोन महिने बसायला सांगतो, त्याआधी निकाल लावू नको म्हणतो. काही टक्के लोक ध्यानाला बसले की आपोआप सगळ्या गावाची जाणीव पालटते, असंही काही जण सांगतात. तो दावा बहुतेक वैज्ञानिक मान्य करत नाहीत, आणि तुम्ही कधी त्याचा आधार घेतला नाहीत हे फार बरं झालं. प्रेम पसरतं ते माणसाने माणसाला नाव विचारल्याने, हे डोळ्यांनी दिसतं. वेसवीहून बागमांडल्याला जाताना फेरीबोट पलीकडे लागेपर्यंत एका अनोळखी माणसासाठी चार वाक्यं मनात म्हणायची, ही तुमची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे.

चौथ्या पायरीवर घोटाळे जास्त होतात. उत्साहात लोक सगळ्यात मोठा वैरी निवडतात आणि बैठकीतून उठतात ते दुप्पट रागाने. हाच तो तळाचा चिरा. राग दहापैकी किती ते आधी मोजायचं, दोन-तीनच्या वरचा माणूस पहिले सहा महिने घ्यायचा नाही. जबडा आवळला, कपाळ जड झालं की भावना ओढून आणली जातेय असं समजून परत उपकारकर्त्याकडे यायचं. ज्याच्या हातून खरोखरचा अत्याचार सोसला आहे त्याला बैठकीत घ्यायची कुणावर सक्ती नाही. अंग थरथरलं, जुनं सगळं वर आलं तर डोळे उघडून पाय जमिनीला टेकायचे आणि नंतर डॉक्टरांशी बोलायचं.

आणि मैत्री म्हणजे हक्क सोडणं नव्हे, हे तुम्ही स्पष्ट केलंत म्हणून बरं. बांधाची मोजणी मागवायची तर मागवायची, फक्त मोजणीच्या दिवशी समोरच्यालाही पाणी विचारायचं. आपल्या खाडीला येणारी सावित्री महाडवरून येते. त्या महाडात 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मनातला गडगा उतरला आणि पाणवठ्यावरचा तसाच राहिला, तर तो उतरलाच नाही, असं तुम्ही म्हणायचात. पसायदानाकडेही तुम्ही बोट दाखवलंत: तिथे खळ नाहीसे होवोत असं मागितलेलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागितलं आहे.

शेवटच्या तीन मिनिटांची परीक्षा त्याच जुन्या ग्रंथातली. आपण, जिवलग, तिसरा आणि नावडता असे चौघे बसलो आहोत. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला यातला एक द्या. नावडत्याचं नाव ओठावर आलं तर गडगा उभाच आहे. आणि ‘मला न्या’ म्हटलं तरीही उभाच, कारण एकाला तरी वेगळं काढलंच. चौघांतल्या कुणालाही देता येऊ नये, यालाच पालीत ‘सीमासंभेद’ म्हणतात, सीमा मोडणं. स्वतःला झिजवून सगळ्यांचं करत राहणाऱ्या इथल्या बायकांना हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना किती मोकळं वाटतं, ते दर वेळी दिसतं. त्याबद्दल त्यांच्यातर्फे खास आभार.

काही दिवशी काहीच उमटत नाही. तेव्हा आम्ही तुमचंच सांगतो. पुनवेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. भांगाला पाणी कमी चढलं म्हणून खाडी आटली असं कुणी म्हणत नाही. मन कोरडं असेल त्या दिवशीही पंचवीस मिनिटं बसायचं आणि चोवीस तासांतलं काम करायचं.

एक विनंती आहे. तुमच्या वहीची शेवटची दोन पानं या पावसाळ्यात भिजली आणि मुदितेचा, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखी होण्याचा, क्रम पुसला गेला. शेजाऱ्याच्या कलमांना आपल्याआधी मोहर आला की काय करायचं, ते तिथे होतं. मोहर यायच्या आत लिहून पाठवाल का? टपालाने पाठवलंत तरी चालेल, शाळेच्या पत्त्यावर.

आपले,
मंगळवारच्या बैठकीतले सगळे