बातमी आणून देणाऱ्याचं काय?

महोदय,

माहितीच्या कायद्यांवरचा आपला लेख दोनदा वाचला. अर्ज, मुदत, अपील सगळं नीट मांडलं आहे. पण कुणी न मागता, जो नोकरी पणाला लावून वार्ताहराकडे कागद आणून देतो, त्या माणसाबद्दल त्यात एक ओळही नाही.

मी २६ वर्षं वार्ताहर होते. एका संध्याकाळी एका कार्यालयातले एक कारकून निविदेच्या फायलीतली तीन पानं माझ्या हातात देऊन गेले. बातमी छापून आली. गैरव्यवहार बाजूलाच राहिला आणि चौकशी लागली ती पानं कुणी फोडली याची. एकेकाला बोलावून विचारलं, झेरॉक्सची नोंदवही तपासली. मी नाव सांगितलं नाही. कार्यालयाने ते शोधून काढलंच. महिनाभरात त्या कारकुनांची बदली झाली. मुलीची दहावी त्याच वर्षी होती. आजही ते आठवलं की मला अपराधी वाटतं.

स्वीडनमध्ये असा शोध घेणं हाच गुन्हा ठरू शकतो. तिथे १७६६ साली वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा झाला. अशा कायद्यांमध्ये तो जगात पहिला मानतात. सरकारी कागद पाहण्याचा लोकांचा हक्कही त्यातच होता. पुढे राजा तिसरा गुस्ताव याने सत्ता हाती घेतली आणि ते स्वातंत्र्य आक्रसलं. सध्याचा कायदा १९४९चा, आणि तो राज्यघटनेचाच भाग आहे. त्यानुसार सरकारी नोकर आपलं नाव गुप्त ठेवून वार्ताहराला माहिती देऊ शकतो, आणि ती कुणी दिली हे शोधायला कार्यालयाला मनाई आहे. वार्ताहराने त्याच्या संमतीशिवाय नाव उघड केलं, तर वार्ताहरावरच खटला होतो. देशाच्या सुरक्षिततेसारखे अपवाद आहेत, ते असावेतच.

अमेरिकेत माहितीचा कायदा १९६६ पासून आहे. तरीही १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, साक्ष देणं वार्ताहराला टाळता येणार नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका महिला वार्ताहराने सूत्राबद्दल साक्ष द्यायला नकार दिला आणि ८५ दिवस तुरुंगात काढले. ब्रिटनमधल्या एका शिकाऊ वार्ताहराला याच कारणासाठी ५,००० पौंड दंड झाला होता. १९९६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण हे निकाल वार्ताहरापुरते. माझ्यासाठी संपादक उभे राहिले, वकील मिळाला. त्या कारकुनांच्या पाठीशी कुणीच नव्हतं.

आपल्या पुढच्या लेखात स्वीडनच्या कायद्यातली ही शोधबंदीची कलमं मराठीत पूर्ण छापा, ही विनंती. भाषांतराला मदत लागली तर मी आनंदाने येईन.

— एक निवृत्त वार्ताहर