वर्गणीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वतंत्र डिजिटल माध्यमांच्या वाढीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मी पेपर विकणारा माणूस, म्हणजे माझ्याच धंद्यावर उठलेल्यांचं हे कौतुक. तरी लेख आवडला. फक्त त्यात सगळं श्रेय इंटरनेटला आणि निर्भीडपणाला दिलंय. पैशाचा विषय दोन ओळींत उरकलाय आणि खरी गोम तिथंच आहे.

न्यूजलाँड्री हे बातम्यांचं संकेतस्थळ २०१२ मध्ये सुरू झालं. सरकारच्या आणि कंपन्यांच्या जाहिराती ते घेत नाहीत, वाचकांच्या वर्गणीवर चालतात. म्हणून २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे पक्षांना नाव झाकून दिलेल्या देणग्यांच्या याद्या बाहेर आल्यावर द न्यूज मिनट आणि स्क्रोल यांना बरोबर घेऊन ते कंपन्यांची नावं एकेक करून तपासत बसू शकले. फ्रान्समधलं मीडियापार्टही २००८ पासून विनाजाहिरात, वर्गणीवरच चालतं. २०१२ मध्ये त्यांनी तिथल्या अर्थसंकल्प मंत्र्याचं परदेशी बँकेतलं गुप्त खातं उघडं पाडलं आणि पुढच्या वर्षी त्या मंत्र्याला घरी जावं लागलं. जाहिरातदार सांभाळायचा असता तर हे जमलं असतं का, तुम्हीच सांगा.

आता आमच्या पेठेतलं ऐका. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पेपर बंद करा, मोबाईलवर सगळं खरं कळतंय.’ मी विचारतो, तिथं वर्गणी भरता काय? तर म्हणे, ‘फुकट आहे की ते!’

फुकट कुठलंच नसतं. पेपरच्या किमतीतनं आमचं कमिशन गेलं की कागदाचा खर्चसुद्धा निघत नाही, बाकी सगळा भार जाहिरातीवर. पहाटे गठ्ठे सोडून पुरवण्या घालायला बसलो की हे डोळ्यांनी दिसतं. नेत्याचा वाढदिवस असला की पुरवणी मूळ अंकापेक्षा जाड. पानभर फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. त्याच आठवड्यात त्याच नेत्याच्या कारखान्यानं थकवलेल्या एफआरपीची, म्हणजे उसाच्या किमान दराची बातमी आतल्या पानावर चार ओळींत सापडली तर सापडली. आपला अंक याला अपवाद आहे असं लिहायचा मोह होतोय, पण पुरवण्या मीच घालतो.

आणि जिल्ह्यातल्या यूट्यूब वाहिन्या? त्यांचं काम मी मानतो. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पेपर घरोघरी पोचवायची सोय राहिली नव्हती. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लोक मोबाईलवरच बघत होते. २०२५ च्या जुलैत शिरोळ तालुक्यातल्या नांदणी जैन मठाची माधुरी हत्तीण गुजरातेतल्या वनतारा या खासगी प्राणी केंद्रात नेली, तेव्हाही गावोगावचा राग आधी मोबाईलवर दिसला. ज्या उद्योगसमूहाचं वनतारा, त्याच्याच ताब्यात २०१४ पासून बातम्यांच्या वाहिन्यांचा मोठा ताफा आहे. कुठली बातमी कुणाकडनं ऐकायची, हे शिरोळच्या शेतकऱ्याला त्या वेळी कुणी शिकवावं लागलं नाही.

पण हातात बूम, गळ्यात ओळखपत्र आणि खिशात काही नाही, अशी त्यातल्या बऱ्याच पोरांची गत. मग वाढदिवस आला की त्यांच्याही स्क्रीनच्या चारी बाजूंनी शुभेच्छुकच. नगरसेवकाकडनं पेट्रोलचे पैसे घेतल्यावर त्याच्याच प्रभागातल्या गटारीचं चित्रण दाखवायचं कसं? त्या पोरांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना बघणारे हजारो, पण शंभर रुपये देणारा एक नाही.

याच कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाला अडीच हजार रुपये दिले होते. ३१ जानेवारी १९२० ला त्याचा पहिला अंक निघाला. पैसे मोजून द्यायची तयारी असतानाही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. म्हणजे पर्यायी माध्यमाला सुरुवातीला काय सोसावं लागतं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी दिसून गेलंय. तरीही १९२३ पर्यंत ‘मूकनायक’ बंद पडलं. महाराज १९२२ मध्येच गेले होते. एका दात्याची मोठी रक्कम पेपर सुरू करून देते. तो पुढं चालवायला दर महिन्याला थोडं थोडं देणारे पुष्कळजण लागतात. लाईनवरची वसुली करून मला एवढं नक्की कळलंय.

माझी एक सूचना आहे. कुणाकडनं किती पैसे येतात ते या नव्या वाहिन्यांनी वर्षातनं एकदा जाहीर करावं, मग लोकांकडं वर्गणी मागावी. देणारे निघतील, निदान मी देईन. आणि सुरुवात आपल्यापासनं झाली तर बरं. सरकारी जाहिरातीचे किती, पुढाऱ्यांचे किती, विक्रीचे किती, एवढे तीन आकडे ३१ मार्चनंतर छापा. मात्र मूळ अंकात छापा, पुरवणीत नको. आदल्या दिवशी कळवलंत तर शंभर प्रती जास्त घेईन.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता,
मंगळवार पेठ, कोल्हापूर