ताई, त्या एका ओळीबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या त्या मासिकाची ड्रुपल ७ वर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या एका तयार प्रणालीच्या सातव्या आवृत्तीवर, चालणारी साइट अखेर बंद केली. ५ जानेवारी २०२५ला ड्रुपल ७ चा अधिकृत आधार संपणार होता, त्याच्या दोन दिवस आधी नवी साइट सुरू झाली. जुन्या सर्व्हरवरच्या फाइल्स शेवटच्या चाळताना तुम्ही सुरू करून दिलेलं ते छोटं मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलला जोडायचा वेगळा कोड, दिसलं. वर तुमची मराठीतली टिप्पणी तशीच होती: ‘बदल इथेच करावेत. कोअरला हात लावू नये.’ (कोअर म्हणजे ड्रुपलचा मूळ कोड.) ती वाचून डोळ्यांत पाणी आलं. १५ ऑक्टोबर २०१४च्या रात्री मी तुमचे आभार फोनवर घाईघाईत मानले होते. नीट मानायचे राहिले, ते आज सगळ्यांसमोर मानते.

त्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं, ऑफिसला सुट्टी. लक्ष्मीपूजन आठ दिवसांवर आलेलं आणि दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी साइटवरूनच चालू होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास तुमचा फोन आला. तुम्ही कंपनी सोडून वर्ष झालं होतं, त्या साइटशी तुमचा काही संबंध उरला नव्हता. तरी ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमची, गंभीर त्रुटी आणि तिच्या दुरुस्तीची ७.३२ ही आवृत्ती जाहीर करणारी, सूचना वाचल्यावर तुम्हाला आधी मी आठवले. ‘७.३२ आलंय. आत्ताच्या आत्ता लाव, सकाळची वाट बघू नकोस,’ एवढंच म्हणालात.

मी गप्प राहिले. अपडेट लावलं असतं तर साइट मोडली असती. वर्गणीदार क्रमांक लॉगिनच्या पानावर हवा, लेखाखाली लेखकाचा परिचय हवा, अशी एकेक मागणी आली की ते पान ज्या फाइलमध्ये तयार होतं ती शोधायची आणि तिथेच कोड लिहायचा, असं मी वर्षभर केलं होतं. ड्रुपलच्या मूळ पाच फाइल्स मी बदलल्या होत्या आणि कुठे काय बदललं याची नोंदही नव्हती. हे सांगताना माझा आवाज कापत होता. तुम्ही रागावला नाहीत. ‘बरं. आधी दार लावू, घर मग आवरू,’ म्हणालात.

दार म्हणजे एक ओळ. डेटाबेसला एकाच वेळी अनेक मूल्यांची यादी द्यायची असली की ड्रुपल प्रत्येक मूल्यासाठी एक जागा तयार करायचं आणि त्या जागेचं नाव यादीतल्या त्या मूल्याच्या खुणेवरून, म्हणजे ‘की’वरून, ठरवायचं. मूल्यं सुरक्षितपणे हाताळली जायची, कीज मात्र जशाच्या तशा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जायच्या. लॉगिन न करताही कोणी ‘की’ म्हणून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली आज्ञा, पाठवलं तर ते थेट डेटाबेसवर चालायचं. दुरुस्ती एवढीच, की कीज टाकून द्यायच्या आणि शून्य, एक, दोन असे साधे क्रमांक वापरायचे. त्यासाठी एका फंक्शनची भर पुरेशी होती. तुम्ही फोनवर ती ओळ अक्षरन् अक्षर सांगितली, माझ्याकडून परत म्हणवून घेतली आणि मगच सेव्ह करायला लावलीत. घड्याळात साडेदहाही वाजले नव्हते. पुढे दीड वाजेपर्यंत तुम्ही फोनवर थांबलात. वापरकर्त्यांच्या यादीत कोणी अनोळखी ॲडमिन आहे का, कोणत्या पत्त्यावर कोणतं पान उघडायचं हे ठेवणाऱ्या मेनू राउटरच्या टेबलमध्ये न ओळखू येणारी नोंद आहे का, सगळं एकेक करून बघायला लावलंत.

२९ ऑक्टोबरला सिक्युरिटी टीमने जाहीर केलं, की सूचनेनंतर ७ तासांच्या आत दुरुस्त न झालेली ड्रुपल ७ ची प्रत्येक साइट फोडली गेली आहे असंच समजून चाला. आपल्याकडच्या घड्याळात ती वेळ पहाटे साडेचारची. तुमचा फोन नसता तर मी तेव्हा गाढ झोपेत असते.

घर आवरायला आपण दिवाळीनंतर बसलो. चार रविवार मी तुमच्या घरी येत होते. मूळ ड्रुपलची कोरी प्रत आणि माझी प्रत शेजारी ठेवून फरक काढायला तुम्ही शिकवलंत. मग त्यातला एकेक फरक हुक वापरून त्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेला. फॉर्म तयार होऊन पानावर जाण्याआधी ड्रुपल स्वतःच विचारतं, ‘कोणाला यात काही बदलायचंय का?’ आणि उत्तर द्यायला रीतसर जागा, म्हणजे हुक, ठेवलेली असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे वर्डप्रेस या दुसऱ्या तयार प्रणालीचे ॲक्शन आणि फिल्टर, लाराव्हेल या साइट स्वतः कोड लिहून बांधायच्या चौकटीचे इव्हेंट आणि मिडलवेअर शिकताना मी दरवेळी आधी तीच जागा शोधली. ती सापडली की नवी सिस्टीम परकी वाटत नाही.

आणखी एक ऋण आहे. मधली चार वर्षं मी लाराव्हेलमध्ये रमले. इतकं स्वच्छ लिहिता येतं, की त्यापुढे सीएमएस, म्हणजे ड्रुपल-वर्डप्रेससारख्या तयार प्रणाली, अडगळ वाटायला लागल्या होत्या. मासिकाची नवी साइटही त्यातच बांधायची म्हणून मी ॲडमिन पॅनेल निम्मं उभं केलं होतं. तुम्हाला मोठ्या उत्साहाने दाखवलं, तर तुम्ही विचारलंत, ‘संपादकांना गावाहून मुखपृष्ठ बदलायचं असेल तर ते कसं करतील? कच्चा लेख ठेवतील कुठे? चुकून खोडलेला परिच्छेद परत कसा आणतील?’ यातलं काहीच मी बांधलं नव्हतं. वर्डप्रेसमध्ये हे सगळं तयार होतं. तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवताना जीवावर आलं, पण निर्णय बरोबर होता. लाराव्हेल मला आजही मनापासून आवडतं, पण संपादकांना कोड नको होता, अंक चढवायचा होता. आता अंक ते स्वतः चढवतात, वयाच्या ७४व्या वर्षी, कोणालाही फोन न करता.

नव्या साइटसाठी लिहिलेल्या प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसच्या मॉड्यूलच्या, पहिल्या दोन ओळींत तुमची ती टिप्पणी मी शब्दशः उतरवली आहे. माझ्या हाताखालच्या मुलाने विचारलं, हे कोणी लिहिलंय? त्याला ही सगळी हकिगत सांगितली.

संपादकांनी तुमचा हल्लीचा पत्ता मागितला आहे. त्यांना दिवाळी अंक पाठवायचा आहे, तेवढा कळवा.

तुमची,
चार रविवार तुमच्याकडे शिकलेली विद्यार्थिनी